चांदणीची टोकं नेमकी कुठे हरवतात

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: क्विल्टसाठी, म्हणजे तुकडे जोडून केलेल्या गोधडीसाठी, सॉटूथ स्टारचे नऊ ब्लॉक शिवले. सॉटूथ स्टार म्हणजे मधल्या चौकोनाभोवती आठ टोकं असलेली चांदणी, आणि ब्लॉक म्हणजे अशा एका चांदणीचा चौकोनी तुकडा. प्रत्येक ब्लॉक ८.५ इंच भरायला हवा होता. तीन भरले, सहा कमी पडले आणि त्यातला एक तर चांगला दोन सुतांनी (आठ सुतांचा एक इंच) बुटका निघाला. बऱ्याच चांदण्यांची टोकं शिवणीत गडप झाली. पाव इंचाच्या शिवणीसाठी मशीनचं वेगळं प्रेसर फूट (कापड दाबून धरणारा पाय) घेतलं, सावकाश शिवलं, टाचण्या लावल्या, तरीही हेच. मग चुकतंय कुठे?

टोक शिवणीत गेलं की आपला राग त्या शेवटच्या टिपेवर निघतो. मीही कितीतरी वर्षं तीच टीप उसवून पुन्हा मारत बसायचे. पण टोक कुठे येणार हे त्याच्या दोन पायऱ्या आधी, तो छोटा भाग इस्त्रीवरून खाली उतरतो तेव्हाच ठरलेलं असतं. म्हणून आधी बुटक्या ब्लॉकमधला एक फ्लाइंग गीजचा भाग बघा, म्हणजे मध्ये मोठा त्रिकोण आणि त्याच्या दोन्ही बाजूंना छोटे त्रिकोण असलेला आयत. ब्लॉकच्या चार बाजूंना असे चार असतात, मध्ये मोठा चौकोन आणि कोपऱ्यांत छोटे. ८.५ इंचाच्या ब्लॉकसाठी गीजचा भाग जोडण्याआधी बरोबर ४.५ बाय २.५ इंच हवा. मोठ्या त्रिकोणाचा शेंडा वरच्या कडेपासून पाव इंच, म्हणजे दोन सूत खाली आणि दोन्ही बाजूंपासून २.२५ इंचांवर हवा. तिथून निघालेल्या दोन तिरक्या शिवणी खालच्या दोन कोपऱ्यांतून अगदी बरोबर बाहेर पडल्या पाहिजेत. हाच शेंडा कडेपासून दीड सुतावर असेल, तर पुढची टीप कितीही नेटकी मारा, ती शेंडा अर्धा सूत खाणारच.

तुमचा ब्लॉक आता शिवून झालाय, त्यामुळे गीज सुटा मोजता येणार नाही. पण ब्लॉक उलटा करून खिडकीच्या उजेडात धरा आणि पट्टीने प्रत्येक शिवणीची माया, म्हणजे टिपेपासून कडेपर्यंतचं कापड, मोजा. मी बघितलेल्या बहुतेक बुटक्या ब्लॉकमध्ये लांब सरळ शिवणी ठीक असतात आणि आतल्या छोट्या तिरक्या शिवणी जाड (जास्त रुंद) घेतलेल्या असतात. कधी शिवणीची सुरुवात बरोबर असते आणि शेवटच्या अर्ध्या इंचात टीप आत वळलेली दिसते. ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. प्रत्येक शिवण तीन जागी मोजा: सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी.

एवढ्याशा फरकाने काय होतं याचा हिशेब करून बघू. शिवण ठरल्यापेक्षा पाव सूत जाड घेतली, तर दोन्ही बाजूंचं कापड मिळून अर्धा सूत जातं. पाच ब्लॉकची एक रांग घ्या. प्रत्येक ब्लॉकमध्ये रुंदीत दोन शिवणी, अशा दहा, आणि ब्लॉक एकमेकांना जोडणाऱ्या चार. चौदा शिवणींचे झाले सात सूत. रांग जवळजवळ इंचभर आखडली आणि एकाही शिवणीकडे बघून ‘ही चुकली’ असं म्हणता येणार नाही.

आता पाव इंचाच्या फुटाबद्दल. ते फूट सुईपासून पाव इंच दाखवतं हे खरं, पण आपल्याला पाव इंचाची माया नको असते. शिवण उघडून इस्त्री केल्यावर तुकडा पाव इंचानेच कमी झालेला हवा असतो. या दोन्हींत फरक पडतो, कारण कापड जिथे दुमडतं तिथे दोऱ्याची आणि घडीची जाडी थोडी जागा खाते. म्हणून टीप पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कमी, म्हणजे कडेच्या बाजूला घ्यावी लागते. किती धागे, ते तुमच्या कापडाच्या आणि दोऱ्याच्या जाडीवर ठरतं. दोरा बारीक असेल, ५० नंबरचा सुती, तर एखादा धागा पुरतो. जाड पॉलिस्टर दोरा लावला की तोच हिशेब बिघडतो. त्यामुळे दुसऱ्याच्या मशीनवरचा आकडा आपल्याला कामाचा नाही.

चाचणी मात्र सगळ्यांना एकच. कापडाच्या १.५ इंच रुंद आणि साधारण ६ इंच लांब अशा तीन पट्ट्या कापा, लांबीकडून एकमेकींना जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती १ इंच भरली पाहिजे, सगळं मिळून ३.५ इंच. मधली पट्टी इंचाला कमी पडली तर माया जाड आहे, जास्त भरली तर बारीक. दोन पट्ट्या जोडून मोजू नका, तीनच घ्या, कारण मधल्या पट्टीला दोन्हीकडून शिवण आहे आणि तिच्यात कापण्याची चूक लपत नाही. मी नवा दोरा, नवं कापड किंवा नवी सुई घेतली की दर वेळी हे करते. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्याने पुढची अख्खी संध्याकाळ वाचते.

चाचणीत आकडा जुळला की तो टिकवण्यासाठी आडोसा करा. मोजपट्टीची पाव इंचाची रेघ सुईखाली घ्या, हाताने चाक फिरवून सुई त्या रेघेला टेकवा आणि मोजपट्टीच्या कडेला लागून मशीनच्या सुईखालच्या पत्र्यावर चिकटपट्टीचे सात-आठ थर एकावर एक लावा. थोडी उंच भिंत तयार होते आणि कापड तिला घासत सरळ जातं. चाचणीप्रमाणे ती एखादा धागा इकडे-तिकडे सरकवा. कापड पुढे ढकलणाऱ्या दात्यांवर मात्र चिकटपट्टी येऊ देऊ नका. भिंत सुईच्या पुढे, तुमच्या बाजूला दोन-तीन इंच लांब असली पाहिजे. हात कापडाला सुईपाशी वळवतात असं आपल्याला वाटतं, पण प्रत्यक्षात कापड सुईपाशी येण्याआधीच वाकडं झालेलं असतं. शिवताना नजर सुईवर ठेवू नका, कापडाच्या कडेवर आणि भिंतीवर ठेवा.

आणि एक गोष्ट, जी मला फार महागात पडली. एका मोठ्या क्विल्टचे अर्धे ब्लॉक मी एका मशीनवर शिवले आणि ते दुरुस्तीला गेल्यावर उरलेले दुसऱ्यावर. दोन्हींना पाव इंचाचं फूट होतं, म्हणून मी नवी चाचणी केली नाही. रांगा जोडायला बसले तेव्हा दोन ढिगांतल्या ब्लॉकमध्ये दीड सुताचा फरक निघाला. त्या रात्री मी अठरा ब्लॉक उसवले. तेव्हापासून एका क्विल्टसाठी एकच मशीन, एकच फूट, एकच पट्टी.

मोजपट्टीचं तर फारच कमी लोक मनावर घेतात. दोन कंपन्यांच्या पट्ट्यांवरच्या रेघांची जाडी वेगळी असते. एका पट्टीने कापायचं आणि दुसरीने मोजायचं, यात एखादा धागा सहज जातो. कापताना रेघ कापडाच्या कडेवर पूर्ण आली पाहिजे, म्हणजे रेघेची जाडी धरून कापायचं, आणि दर वेळी तसंच. रोटरी कटरचं, म्हणजे चाकासारखं फिरणारं, पातं बोथट झालं की आपण नकळत जोर लावतो आणि पट्टी टोकाशी सरकते. पातं कापताना कुठे एखादा धागा सोडू लागलं की ते बदलायचं. पट्टीवरच्या हाताचं एक बोट कापडावर टेकलेलं ठेवा, सरकणं तिथेच कळतं. कापडाच्या लांब पट्ट्या घडी घालून कापत असाल तर काप घडीला काटकोनात जातोय का ते आधी बघा, नाहीतर उघडल्यावर घडीपाशी पट्टीला कोन पडतो.

आता त्रिकोण. तिरक्या कापाची कड उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी असते. ती इस्त्रीला ताणते, दात्यांना ताणते, नुसत्या हातात धरली तरी ताणते. म्हणून त्रिकोणांचं काम असेल तर कापण्याआधी कापडाला खळ लावा. शिवून झाल्यावर नव्हे, आधी. खळ शोषली जाईपर्यंत थांबा, वाळू द्या, मग इस्त्री करा. कापड कागदासारखं खुळखुळीत झालं की उरेब कड जागेवर राहते. टोकांच्या बाबतीत या एका गोष्टीने मला जेवढा फरक पडलेला दिसला, तेवढा बाजारातल्या कोणत्याही उपकरणाने पडला नाही.

फ्लाइंग गीज करायच्या दोन सरळ वाटा आहेत. पहिली: ४.५ बाय २.५ इंचाचा आयत, त्यावर २.५ इंचाचा चौकोन, चौकोनाच्या उलट्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ, आणि त्या रेघेवर टीप. इथे बहुतेकांचं चुकतं ते ‘रेघेवर’ या शब्दात. बरोबर रेघेवर शिवलं तर चौकोन उलटून टाकल्यावर त्याचं टोक आयताच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, घडीने जागा खाल्लेली असते. टीप रेघेच्या एक धागा बाहेर, म्हणजे जो कोपरा कापून टाकायचा आहे त्याच्या बाजूला घ्या. मग उलटलेलं टोक कोपऱ्याला बरोबर टेकतं. कोपरा कापण्याआधी उलटून बघा. टेकत नसेल तर टीप उसवायला अजून वेळ आहे, कापल्यावर नाही.

दुसरी वाट एकदम चार गीजची, आणि मला तीच आवडते. एक मोठा चौकोन ५.२५ इंचांचा, चार छोटे २ इंच ७ सुतांचे. हे सात सूत कुठून येतात ते समजून घेतलं की आकडा पाठ करावा लागत नाही. त्रिकोणाच्या सरळ बाजूकडे माया दोन सूत, पण तिरप्या टोकाकडे तीच माया सरळ कडेवर मोजली की जवळपास पाच सूत भरते. दोन आणि पाच, सात. नेमका आकडा त्याहून किंचित कमी आहे, म्हणून सात सूत घेतल्यावर केसभर जास्तीचं कापड मिळतं आणि ते कापून काढता येतं. मी तर मोठा चौकोन ५.५ आणि छोटे ३ इंचांचे घेते आणि प्रत्येक गीज शिवून झाल्यावर मापात कापते. कापड थोडं वाया जातं, मला चालतं.

मापात कापताना पट्टीची ४५ अंशांची रेघ तिरक्या शिवणीवर ठेवायची आणि शेंडा पट्टीवरच्या २.२५ बाय ०.२५ च्या खुणेखाली आणायचा. वरची आणि उजवी कड कापायची, तुकडा फिरवायचा, उरलेल्या दोन कडा ४.५ आणि २.५ वर कापायच्या. शेंड्याच्या वरचे ते दोन सूत इथे हाताने ठरवता येतात आणि पुढच्या टिपेत मग धाकधूक राहत नाही. छत्तीस गीज कापायचा कंटाळा येतो हे मान्य. तरीही ही पायरी सोडू नका.

इस्त्री फिरवू नका, टेकवा आणि उचला. आधी शिवण जशी मशीनवरून आली तशी मिटलेलीच दाबून घ्या, टाके कापडात बसतात. मग उघडून, उजव्या बाजूने, इस्त्रीची कड शिवणीपर्यंत नेऊन टेकवा. शिवणीच्या अगदी पायथ्याशी एक बारीक घडी राहून जाते, दिसते न दिसते अशी, आणि प्रत्येक घडी धाग्या-दोन धाग्यांनी तुकडा लहान करते. तुम्ही सावकाश शिवलंत, टाचण्या लावल्या आणि तरी ब्लॉक बुटके आले, म्हणून ही घडी मी पहिल्यांदा तपासायला सांगेन. बुटक्या ब्लॉकच्या उजव्या बाजूने शिवणीवर नख फिरवा. कापड पुढे सरकलं तर माप इस्त्रीत गेलंय, टिपेत नाही, आणि नुसतं पुन्हा इस्त्री करून ब्लॉक वाढेलही. उरेब शिवणीवर वाफ सोडू नका. उचललेला तुकडा गार होईपर्यंत सपाट ठोकळ्याखाली ठेवला तर तो सपाटच राहतो.

शिवण कोणत्या बाजूला पाडायची हे शिवायच्या आधी ठरवा. गीजमध्ये छोट्या त्रिकोणांकडे. वरच्या आणि खालच्या रांगेत कोपऱ्यातल्या चौकोनांकडे, मधल्या रांगेत मधल्या चौकोनाकडे. मग रांगा एकमेकींवर ठेवल्या की शिवणी उलट दिशांना पडलेल्या असतात आणि बोटाने चाचपलं तर एकमेकींत अडकून बसल्याचं कळतं. वरच्या थराची माया सुईच्या दिशेला, म्हणजे तुमच्यापासून लांब पडलेली ठेवा. दाते खालचं कापड पुढे ओढतात, फूट वरच्याला मागे धरतं, आणि त्या ढकलण्यात वरची शिवण खालचीला जाऊन घट्ट भिडते. उलट ठेवलं तर त्याच कारणाने दोघींमध्ये फट पडते.

आता टोकाची टीप. गीजचा भाग वर घ्या आणि मधला चौकोन खाली. गीजच्या उलट्या बाजूला दोन तिरक्या टिपा एकमेकींना छेदून फुली झालेली दिसते. टीप त्या फुलीच्या मधोमध किंवा एक धागा कडेच्या बाजूने गेली पाहिजे. फुलीच्या आत गेली की टोक गेलं. तुमची भिंत एक सांगते आणि फुली दुसरं, तर कोणाचं ऐकायचं? फरक एक-दोन धाग्यांचा असेल तर फुलीचं. पण इंचभर आधीपासून हळूहळू सरका, ऐनवेळी वळू नका. फरक त्याहून मोठा असेल तर थांबा आणि तो गीज नवीन करा. वळणदार टिपेने टोक वाचतं, पण ब्लॉकची कड वाकडी होते आणि ती वाकडी कड पुढच्या जोडात उगवते.

जिथे टोकाला टोक भिडवायचं असतं तिथे टाचणी उभी खुपसा: वरच्या टोकातून आत, खालच्या टोकातून बाहेर. ती उभीच राहू द्या. तिच्या दोन्ही बाजूंना, सुतभर अंतरावर, दोन बारीक टाचण्या आडव्या लावा आणि मग उभी काढून टाका. बरेच जण उभी टाचणीच आडवी पाडून लावतात आणि पाडताना दोन्ही थर एकमेकांवरून सरकतात. टाचणीवरून शिवू नका, सुई तिला चुकवताना टाका बाजूला पडतो.

अवघड जोडाला मी टाचण्यांवरही विसंबत नाही. मशीनचा टाका ४ मिमी वर नेते आणि फक्त जोडाच्या जागी चार-पाच टाके मारते. उघडून बघते. टोक जुळलं असेल तर पुढचा जोड. नसेल तर एक दोरा ओढला की सगळं सुटतं, कापडाला इजा नाही. अशा रीतीने रांगेतले सगळे जोड जुळले की टाका पुन्हा २ मिमी वर आणून एका दमात अख्खी रांग शिवायची. नव्या माणसाला यातून जेवढा धीर येतो तेवढा दुसऱ्या कशातूनच येत नाही.

शिवणीच्या शेवटी टीप आत वळत असेल, तर त्याचं कारण बहुधा असं असतं की मागच्या बाजूला आलेलं कापड आपण हाताने ओढतो, किंवा फुटाखालून शेवटचं टोक निसटतं. शेवटचा अर्धा इंच एखाद्या टोकदार काडीने धरा. सुरुवातीला त्रिकोणाचं टोक पत्र्याच्या भोकात ओढलं जात असेल तर एकच गोल भोक असलेला पत्रा लावा आणि शिवायला एका चिंधीवरून सुरुवात करा. चिंधीवरून सरळ तुकड्यावर या, मध्ये दोरा तोडू नका. सुई ७० किंवा ८० नंबरची, नवी.

अगदी बारीक टोकं हवी असतील, ४५ अंशांपेक्षा निमुळती, तर कागदावर छापलेल्या रेघेवर शिवायची पद्धत घ्या. १.५ मिमी टाका, ९० नंबरची सुई, आणि छापलेल्या कागदावरचा १ इंचाचा चौकोन पट्टीने मोजून मगच सुरुवात. सॉटूथ स्टारला मात्र ती गरज नाही.

ब्लॉक ब्लॉकला जोडताना चांदण्यांची बाहेरची टोकं एकमेकांना भिडतात आणि तिथे शिवणींची गर्दी होते. यावर एक सोपा उपाय आहे. ब्लॉकच्या आतल्या दोन्ही आडव्या शिवणी मधल्या रांगेकडे पाडा आणि मांडताना एक सोडून एक ब्लॉक पाव फेरा फिरवा. चांदणी चारही बाजूंनी सारखीच असल्यामुळे फिरवलेलं कळत नाही, पण शेजारच्या कडांवरच्या शिवणी आपोआप उलट दिशांना येतात आणि अडकून बसतात. कापडावर दिशा असलेली नक्षी असेल तर हे जमणार नाही, तिथे शिवणी दोन्हीकडे उघडून पाडा.

आणि ते सहा बुटके ब्लॉक? आधी नखाने तपासून पुन्हा इस्त्री करा आणि पुन्हा मोजा. तरी कमी भरले तर चांगल्या तिघांना कापून त्यांच्या मापाला आणू नका, त्यांचीही टोकं जातील. नऊही ब्लॉकना चारही बाजूंनी, पार्श्वभूमीच्याच कापडाची १.५ इंच रुंद पट्टी जोडा. ती जोडतानाही ब्लॉक वर ठेवा, म्हणजे बाहेरच्या टोकांपाशी शिवणी एकत्र येतात ती जागा डोळ्यांसमोर राहील. ८.५ चा ब्लॉक १०.५ होईल, दोन सूत बुटका असलेला १०.२५. मग चांदणीचा मध्य धरून सगळे १० इंचांवर कापा. कुठे पट्टी सुतभर जाड दिसेल, कुठे बारीक. पण ती पार्श्वभूमीच्या रंगात मिसळून जाते आणि ज्या टोकांना अजून धक्का लागलेला नाही ती सगळी वाचतात. ज्या गीजचा शेंडा आधीच मधल्या चौकोनात गेलाय, तेवढा जोड उसवून तो एक गीज नवा करून बसवा.